ताट वाचणाऱ्या अनुसयाबाई

"तिखट बंद करा आणि उकडलेल्या भाज्या खा," असं परवा एका तरुण डॉक्टरांनी मला सांगितलं आणि मी त्यांच्यावर अशी भडकले की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावून पाहू लागले. कोणत्या भाज्या? साल काढून की सालासकट? बिया ठेवायच्या की टाकायच्या? पाणी किती, झाकण ठेवायचं की नाही, मीठ कधी घालायचं? मी एकेक प्रश्न विचारत गेले आणि तो बिचारा पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याला यातलं एकही उत्तर येत नव्हतं. दोष त्याचा नव्हताच. त्याच्या वयाची असताना मलाही यातलं काही येत नव्हतं, आणि मी तर आहारशास्त्र शिकून आले होते. हे सगळं मला जिनं शिकवलं तिच्याशी मी कशी वागले ते आठवलं आणि घरी येईपर्यंत तो राग डॉक्टरवरचा राहिला नाही, माझ्यावरचाच झाला.

तिचं नाव अनुसया गजभिये. हे नाव मी पहिल्या पानावरच लिहून टाकते आहे, कारण ते योग्य वेळी, योग्य माणसापुढे उच्चारायला मी कचरले होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला होम सायन्सची पदवी घेऊन मी रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून लागले. दवाखाना एका ट्रस्टचा होता, चाळीस खाटांचा आणि पोटाच्या रोग्यांसाठी नावाजलेला. त्याचं नाव सांगत नाही. नागपुरात पोटाच्या रोग्यांना तोटा नव्हता. सकाळी रिकाम्या पोटी दोन कप चहा, दुपारी बोटभर तेलाचा थर असलेली तर्री आणि रात्री त्यावर उतारा म्हणून पुन्हा काहीतरी झणझणीत, असं आयुष्य काढून माणसं चाळिशीत आमच्याकडे पोट धरून यायची. दवाखान्यामागे टिनाच्या छपराचं स्वयंपाकघर होतं, आणि त्या स्वयंपाकघरात अनुसयाबाई होत्या.

पंचेचाळिशीच्या असतील. काटक अंग, निळं लुगडं, कासोटा घट्ट मारलेला. चेहऱ्यावर कायम असा भाव, की कोणीतरी नुकतंच काहीतरी बिघडवून ठेवलं आहे. त्या मुळात झाडझूड करायला लागलेल्या. एका उन्हाळ्यात काविळीची साथ आली, जुना स्वयंपाकी स्वतःच आडवा झाला आणि आठवडाभर अनुसयाबाईंनी चुली सांभाळल्या. त्या आठवड्यात वॉर्डातली ताटं पहिल्यांदा रिकामी होऊन परत आली म्हणतात. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना तिथंच ठेवून घेतलं. कागदावर मात्र त्या शेवटपर्यंत 'मदतनीस'च राहिल्या. स्वयंपाकीण असं लिहिलं तर ट्रस्टमधल्या काही मंडळींना ते दिसलं असतं, आणि न दिसणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. साधारण वॉर्डातले रोगी गरीब होते. समोर आलेलं ताट कोणी केलं, असं विचारायची त्यांना सवय नव्हती. खाजगी खोल्यांमधल्यांचे डबे घरून यायचे.

पहिल्याच दिवशी मी टाईप केलेला तक्ता घेऊन स्वयंपाकघरात गेले. कोणाला काय, किती वाजता, किती ग्रॅम.

"म्याडम, ह्या कागदावर भाजीचं काय लिवून हाये?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"बॉइल्ड. म्हणजे उकडलेली."

"बरं," त्या म्हणाल्या. एवढ्या सहज म्हणाल्या की मला बरं वाटलं.

दुपारी त्यांनी मला पाटावर बसवलं आणि पुढं ताटली सरकवली. राखाडी पडलेल्या दोडक्याच्या फोडी कोमट पाण्यात तरंगत होत्या. मीठ नाही, काही नाही. मी दोन घास खाल्ले. तिसरा घशाखाली जाईना.

"खा ना. काहून थांबल्या?" त्यांचा आवाज चढला. "तुमच्याच कागदातला दोडका हाये. बिमार मानसानं हे खावं अन् धडधाकट मानसाले घास जाऊ नये? बिमार मानसाले जीभ नसते का?"

मी रडायच्या बेतात आले. मग त्यांनी दुसरी ताटली आणली. तोच दोडका, पण शिरा आणि साल काढलेला, आतलं बियांचं बोंड टाकून दिलेलं. जाड बुडाच्या गंजात चमचाभर पाण्याचा हबका, वर पाणी भरलेलं ताट झाकण म्हणून, खाली निखाऱ्यांची धग. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजायची. मऊ झाली की मीठ, भाजून कुटलेलं जिरं, आणि उतरवल्यावर वरून साजूक तूप. फोडणी नाही, तिखट नाही. तो दोडका मी बोटं चाटून खाल्ला.

"उकडाले गरम पानी पुरते, पोरी. शिजवाले मानूस लागते," त्या म्हणाल्या आणि माझा तक्ता शेगडीत घातला. तो टाईप करायला मला दोन दिवस लागले होते.

त्या दिवसापासून माझं खरं शिक्षण सुरू झालं. लवकी म्हणजे दुधी, ती किसायची नाही, किसली की तिचं पाणी होतं. जाड फोडी शिजवून पळीनं घोटायची. कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा, तो किंचित आल्याच्या रसात घोटला की आजाऱ्याला गोड लागतो आणि पोटात वायू धरत नाही. पालक नुसता दिला तर नाजूक पोट ढवळतं, म्हणून तो मुगाच्या पाण्यात शिजवून फडक्यातून गाळायचा. गाजर भातातच टाकायचं, दोन्ही एकदम मऊ होतात. पडवळ कोवळंच. आणि ढेमसं, आमच्या विदर्भाचं लाडकं, लिंबाएवढंच हवं. बी धरलेलं ढेमसं त्या परत करायच्या. परत म्हणजे फेकून. कॉटन मार्केटमधून भाजी आणणाऱ्या गड्याच्या पायापाशी त्यांनी एकदा अख्खी टोपली उपडी केली होती. "हे तुह्या सासऱ्याले खाऊ घाल! बी पाह्य केवढी झाली! इथं लोकायच्या आतड्याले जखमा हायेत गा!" तो माणूस पुन्हा कधी मोठं ढेमसं घेऊन आला नाही.

राग ही त्यांची रोजची भाषा होती. पण तो राग कुठं निघायचा ते बघण्यासारखं होतं. भेटीच्या वेळेला, दुपारी चार वाजता, त्या फाटकापाशी उभ्या राहायच्या आणि येणाऱ्यांच्या पिशव्यांचा वास घ्यायच्या. एकदा एका अल्सरच्या रोग्याचा मेहुणा पिशवीत आलुबोंडे आणि थर्मासात तर्री घेऊन आला. थर्मासात चहा आहे म्हणाला. अनुसयाबाईंनी झाकण उघडलं, तर्री नालीत ओतली आणि त्याला हाताला धरून स्वयंपाकघरात आणलं. घरच्या जावयावरचं प्रेम फार उतू चाललंय तर आधी जावई जे खातो ते खा, म्हणून त्याच्यापुढं मऊ भात आणि घोटलेलं कोहळं ठेवलं. तो संतापला, मग खाल्लं, मग आणखी मागितलं. रोग्याला घरी सोडेपर्यंत तो रोज चार वाजता आधी स्वयंपाकघरात हजेरी लावत असे. मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी सोडलं नाही. ते सरसकट सगळ्यांना 'सॉफ्ट डाएट' लिहायचे. एकदा त्या राऊंडच्या वेळी थेट वॉर्डात गेल्या. डॉक्टर म्हणाले, "स्वयंपाकघर तुमचं, वॉर्ड माझा." बाई म्हणाल्या, "अन् पोट कोनाचं हाये, डाक्तर? ह्या सात नंबरच्या म्हाताऱ्याले एक दात नाही अन् त्या अकरा नंबरच्या पोट्ट्याले जुलाब हायेत. दोघायले एकच सॉफ्ट?" डॉक्टर हसले, आणि त्या दिवसापासून सात नंबर आणि अकरा नंबरसाठी वेगळं लिहू लागले. माणूस वाईट नव्हता. वेळ आली तेव्हा गप्प बसणारा होता, एवढंच.

सात नंबरला दात नाहीत हे अनुसयाबाईंना कसं कळलं? त्या दिवसाआधी त्यांनी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. त्यांनी त्याचं ताट पाहिलं होतं.

ही त्यांची खरी विद्या. जेवणं झाली की ताटं मागच्या नळापाशी यायची. प्रत्येक ताटाच्या कडेला खाटेचा नंबर कोरलेला. भांडी घासणारी बाई ती घासायला घेण्याआधी अनुसयाबाई तिथं जाऊन उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागं बांधून, आणि एकेक ताट बघत पुढं सरकायच्या. "तीन नंबरनं पालक अर्धा ठेवला, सोसला नसन. सिस्टरले इचार." सिस्टर सांगायची, हो, सकाळपासून पोट बिघडलंय. "नवानं नुसतं तुपाचं खाल्लं, खालचं तसंच. त्याले उद्या कमी वाढ, दोनदा वाढ." मी वहीत लिहून घ्यायची. माझ्या पदवीत हे कोणी शिकवलं नव्हतं.

हात पाठीमागं का, असं मी एकदा विचारलं.

"माही माय गावात लोकायची उष्टी उचले. लगनात, तेराव्यात. दीक्षा घेतली त्या दिवशी तिनं मले जवळ बसवलं अन् म्हणे, अनसू, आता कोनाचं उष्टं ताट उचलाचं नाही. मेलं तरी नाही. मी शब्द देल्ला. म्हून मी ताट उचलत नाही, कुसुम. वाचतो फक्त."

तोपर्यंत मी 'म्याडम'ची 'कुसुम' झाले होते. त्याचा मला अभिमान होता. तीन वर्षं लागली होती.

मग काटोलहून अण्णाजी आले. संत्र्याच्या मोठ्या बागा, वय साठीच्या पुढे, धिप्पाड माणूस. पण पोटातला अल्सर फुटून ऑपरेशन झालेलं आणि अंगात काही राहिलं नव्हतं. खाजगी खोलीत होते. सून पहाटे उठून डबा करायची, तो बसनं नागपूरला पोचेपर्यंत दुपार व्हायची आणि उन्हाळ्यात आंबून जायचा. शिवाय घरच्यांच्या हाताला फिकं करणं जमेना. दोनदा अण्णाजींना ओकाऱ्या झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, घरचा डबा बंद, दवाखान्यातलं जेवण, नाहीतर मी जबाबदार नाही.

अण्णाजींचा मुलगा वसंतराव मला व्हरांड्यात भेटला. सभ्य माणूस, हात जोडून बोलणारा.

"म्याडम, तुमच्याकडं स्वयंपाक कोन करते?"

प्रश्न मला लगेच कळला. असा प्रश्न विचारणाऱ्याला भाजी कशी होते ते नको असतं, आडनाव हवं असतं. तो मला बिनधास्त विचारत होता, कारण माझं आडनाव त्याच्या कानाला चालणारं होतं. मी म्हणू शकले असते, स्वयंपाक अनुसयाबाई गजभिये करतात आणि त्यांच्यासारखं पथ्याचं जेवण अख्ख्या नागपुरात मिळणार नाही. तेवढंच वाक्य होतं. मी म्हणाले, "आमच्याकडे जोशीकाकू आहेत ना."

जोशीकाकू खरोखरच होत्या. त्या चादरींच्या घड्या घालायच्या आणि स्टाफचा चहा करायच्या. वसंतरावाच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मी स्वतःला सांगितलं, म्हातारा जेवला पाहिजे, त्याचा जीव महत्त्वाचा. हे कारण मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत राहिले. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच त्याचा मला आज जास्त राग येतो.

अकरा दिवस अण्णाजी जेवले. पहिले दोन दिवस मुगाचं पाणी आणि भाताची पेज. मग घोटलेली लवकी. पाचव्या दिवशी कोहळं. आठव्या दिवशी पहिल्यांदा ढेमसं, अख्खं, पण बोटानं मोडेल इतकं मऊ. रोज त्यांचं ताट नळापाशी आलं की अनुसयाबाई त्याच्यापुढं जरा जास्त वेळ थांबायच्या.

"पाह्य, एक शीत ठेवलं नाही. ताट पुसून खाल्लं. हा मानूस श्रीमंत असन, पन कवातरी उपाशी राह्यला हाये. चांगला मानूस हाये हा."

एके दिवशी अण्णाजींनी मला बोलावून सांगितलं, "त्या बाईले सांगा, माह्या मायच्या हातचं आठवलं." मी तो निरोप अनुसयाबाईंना पोचवला. त्या दिवशी त्या कोणावरही ओरडल्या नाहीत. मी दोन्हीकडे गोड बोलत होते आणि मला वाटत होतं की मी सगळ्यांचं भलं करते आहे.

बाराव्या दिवशी सकाळी वसंतराव स्वयंपाकघरातच आला. मागं नोकर, त्याच्या डोक्यावर संत्र्यांची पेटी. वसंतरावाच्या हातात नारळ आणि जरीकाठी लुगडं.

"जोशीकाकू कोनत्या?"

जोशीकाकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या चहाच्या शेगडीपासून पुढं आल्या, पदर सारखा केला आणि ओटी भरून घ्यावी तसं ते लुगडं पदरात घेतलं. त्या बाईंना एक शब्द बोलता आला असता. वसंतरावानं वाकून त्यांना नमस्कार केला. "तुमच्या हातानं माह्या बापाचा जीव वाचला, काकू." अनुसयाबाई तीन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांच्या हातात पळी होती आणि गंजात अण्णाजींचंच कोहळं घोटलं जात होतं.

वसंतराव गेल्यावर त्यांनी पळी खाली ठेवली.

"कुसुम, इकडं ये. तुनं सांगतलं त्याले?"

"बाई, ते जेवले नसते. मेले असते."

"म्हंजे त्याच्या जिवासाठी माह्यं नाव टाकून देल्लं."

"तुमचं काही गेलं का त्यात? जेवण तर तुमचंच..."

"माह्यं काय गेलं?" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की वॉर्डातून सिस्टर धावत आली. "चादरीच्या घड्या घालनारीच्या पाया पडला तो माह्या डोळ्यासमोर! अकरा दिवस मी त्याचं ताट वाचलं, अन् त्याले मी कोन हाये ठाऊक नाही! काहून नाही? मी काय चोरी करून राहिली का इथं?"

आणि मग त्यांनी जे केलं ते दवाखान्यात कोणी कधी केलं नव्हतं. दुपारचं ताट स्वतः वाढलं, कोहळं, ढेमसं, मऊ भात, मुगाचं वरण, वर तूप. पदरानं ताटाची कडा पुसली आणि ते दोन्ही हातांत धरून सरळ खाजगी खोलीत गेल्या. मी मागं धावले.

अण्णाजी उशीला टेकून बसले होते. बाईंनी ताट त्यांच्यापुढं धरलं.

"मी अनुसया गजभिये. बारा दिवसांपासून तुमाले मी जेवू घालून राहिली. जोशीबाई नाही. तुमी चाटून खाल्लं, माय आठवली म्हणे. ते मीच शिजवलं. हे आजचं हाये. जेवा."

वसंतराव उठून उभा राहिला. पण मी म्हाताऱ्याकडे बघत होते. अनुसयाबाईही त्याच्याकडेच बघत होत्या, आणि मी त्यांचा चेहरा पहिल्यांदाच राग नसताना पाहिला. त्यांना खरंच वाटत होतं की तो ताट घेईल. अकरा दिवस त्यांनी त्याला ताटावरून ओळखलं होतं.

अण्णाजींनी ताटाकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं आणि तोंड भिंतीकडं वळवलं. "घेऊन जा," ते म्हणाले. मग मुलाला म्हणाले, "अन् ते पेल्यातलं पानी बी फेक."

बाई भरलेलं ताट घेऊन परत आल्या. नळापाशी ते खाली ठेवलं आणि हात पाठीमागं बांधून त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. बराच वेळ. "हे मले वाचता येत नाही," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी ट्रस्टचे सेक्रेटरी आले. रोग्यांच्या भावना, दवाखान्याचं नाव, शिस्त, असे सगळे शब्द बोलले गेले. कोणी त्यांना काढलं नाही. तेवढी लाज मंडळींना होती. उद्यापासून अनुसयाबाईंनी स्वयंपाकाला हात लावायचा नाही, भांडी घासायची, असं ठरलं. मोठे डॉक्टर खिशातल्या पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. हुकुमाचा कागद मी टाईप केला. सही आहार विभागाची हवी होती. आहार विभाग म्हणजे मी. मला ठाऊक होतं की त्यांनी आईला काय शब्द दिला होता. त्या खोलीत ते ठाऊक असलेली मी एकटीच होते. मी सही केली.

अनुसयाबाई रात्रशाळेत वाचायला शिकल्या होत्या. त्यांनी कागद अक्षर अक्षर लावून वाचला. 'रुग्णांची उष्टी भांडी' या शब्दांवर बोट थांबलं. मग बोट खाली सरकत माझ्या सहीपर्यंत आलं.

"ही तुही हाये?"

"हो."

"नाव चांगलं लिवता, म्याडम."

कागद माझ्या टेबलावर ठेवून त्या मागच्या फाटकानं निघून गेल्या. त्यानंतर स्वयंपाकाचं कंत्राट बाहेर दिलं गेलं आणि आमच्या रोग्यांना उकडलेल्या भाज्या मिळू लागल्या. ताटं भरलेली परत यायची. ती कोणी बघत नव्हतं. जोशीकाकूंनी ते लुगडं संक्रांतीला नेसलं. त्यांना काही वाटलं नाही याचा मला संताप आला, आणि त्यांना बोलायचा मला कोणता अधिकार होता?

आठ-दहा वर्षं गेली. एक दिवस दवाखान्याच्या रस्त्यापलीकडं, कडुलिंबाखाली एक ठेला उभा दिसला. दोन शेगड्या, दोन बाकं, पाण्याचा नळ आणि वर एवढी मोठी पाटी की दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावरून वाचता यावी: 'अनुसया गजभिये. पथ्याचं जेवण.' आमचेच रोगी आमच्याच फाटकातून निघून तिकडं जेवायला जात. मी कित्येक महिने त्या बाजूनं गेले नाही, वळसा घालून घरी जायची. पण एव्हाना माझंच पोट बिघडलं होतं. गोळ्या खाऊन कंटाळले आणि एका दुपारी रस्ता ओलांडला.

त्यांचे केस पांढरे झाले होते. बाकी लुगडं तेच, कासोटा तसाच. त्यांनी मला ओळखलं. "रांगेत या, म्याडम," म्हणाल्या.

रांगेत माझ्यापुढं एक म्हातारा काठी टेकून उभा होता. धोतर, काळा कोट, गळ्याची हाडं वर आलेली. मी त्याला बाजूनं पाहिलं आणि एक पाऊल मागं सरकले. बाकावर जेवत असलेल्या रिक्षावाल्यानं मला हळूच सांगितलं, "काटोलचे हायेत. दोनदा ड्रायव्हर पाठवला डबा घेऊन. बाई म्हणे, खानारा येईन तर भेटन. आज आले बिचारे स्वतःच."

अण्णाजींचा नंबर आला.

"पाटी वाचा," अनुसयाबाई म्हणाल्या. तिथला तो नियमच होता. ज्याला वाचता येत नसे, त्याला त्या स्वतः म्हणून दाखवत आणि मागून म्हणायला लावत.

म्हाताऱ्यानं चष्मा लावला, मान वर केली. "अनुसया गजभिये," तो म्हणाला. आवाज लागला नव्हता. "मोठ्यानं," बाई म्हणाल्या. तो मोठ्यानं म्हणाला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली.

बाईंनी ताट वाढलं. कोहळं, ढेमसं, मऊ भात, मुगाचं वरण, वरून तूप. म्हातारा बाकावर बसून जेवला. माझंही ताट आलं. पहिला घास तोंडात गेला तसे माझे डोळे भरून आले. तीच चव होती, आणि मी तिच्यासाठी इतके महिने रस्ता ओलांडला नव्हता.

ठेल्याचा दुसरा नियम असा होता, की ज्यानं त्यानं आपलं ताट आपण धुवायचं. अण्णाजी ताट घेऊन उठले. नळाच्या वाटेवर अनुसयाबाई उभ्या होत्या, हात पाठीमागं बांधून. त्यांनी ताटात पाहिलं.

"कोहळं काहून ठेवलं?"

"पोट भरलं, बाई."

"भरलं नाही. उन्हातून आले, भूक मेली तुमची. बसा तिकडं. दम खा, अन् मंग हळूहळू खा. उद्या आले का तुमाले वेगळं देतो, पातळ." आवाज तोच होता, खडसावणारा. म्हातारा पुन्हा बाकावर जाऊन बसला आणि उरलेलं कोहळं एकेक घास करून संपवलं. मग धोतर सावरत नळापाशी उकिडवा बसला आणि राखेनं ताट घासू लागला. बाई त्याच्यावर लक्ष ठेवून होत्या.

मी माझ्या ताटात एक ढेमसं ठेवलं. मुद्दाम ठेवलं. मला वाटलं, त्या विचारतील. काहून ठेवलं, म्हणून ओरडतील, चार लोकांत अपमान करतील, काय करायचं ते करतील. मी ताट दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढं गेले आणि थांबले.

त्यांनी माझ्या ताटाकडं पाहिलंच नाही. हात पाठीमागं, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं, रांगेतल्या पुढच्या माणसावर.

"नळ तिकडं हाये, म्याडम," त्या म्हणाल्या.